डिझेलची वही : खडी क्रशर, खंडाळा (जि. सातारा), जानेवारी ते जुलै २०२४

३ जानेवारी २०२४, बुधवार

काल दिवसभर डिझेल मिळालं नाही. नव्या फौजदारी कायद्यातल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी १ तारखेपासून संप केला, टँकर निघाले नाहीत आणि पंपावरची दुचाक्यांची रांग पार रस्त्यावर आली. आपल्या पाचही हायवा (खडी वाहणारे डंपर) उभ्या होत्या. ड्रायव्हर मंडळी संपात होती आणि दहा वर्षांच्या शिक्षेची त्यांची धास्ती मला समजते. पण खाणीतला पोकलेन आणि दोन जेसीबी तरी चालवता आले असते. बॅरलमध्ये डिझेल किती आहे, हेच कुणाला सांगता येईना. एकजण म्हणाला दीड बॅरल आहे. काठी घातली तर पाऊणही नव्हतं.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, "महिन्याला आपण डिझेल किती जाळतो रे?"

"नऊ लाखांच्या वर जातं."

"रुपये नको सांगू. लिटर सांग."

सांगता आलं नाही. म्हणून आजपासून ही वही.

५ जानेवारी

डिसेंबरचा हिशेब जुळवायला दोन दिवस गेले. पंपाची उधारीची वही एक सांगते, ड्रायव्हरांच्या चिठ्ठ्या दुसरंच, आणि बॅरलमधून मशिनला टाकलेलं डिझेल तर कुठंच लिहिलेलं नाही. शेवटी पंपाची बिलं खरी धरली. डिसेंबरमध्ये ९,७४० लिटर. पाच हायवा, पोकलेन, दोन जेसीबी, जनरेटर, पाण्याचा ट्रॅक्टर आणि बोलेरो, सगळं मिळून. त्या महिन्यात खडी, कच (खडीचा बारीक चुरा) आणि मुरूम धरून १,९८० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माल बाहेर गेला.

म्हणजे ब्रासमागे ४.९२ लिटर. हा आकडा मी फळ्यावर लिहिला आहे. गाडीचं अॅव्हरेज सगळे विचारतात, पण पोकलेन किलोमीटर चालत नाही आणि जनरेटर तर जागचा हलत नाही. आपण विकतो ब्रास, तेव्हा डिझेलही ब्रासलाच मोजायचं.

संपाच्या धसक्यानं आबा पाच हजार लिटरची टाकी बसवू म्हणत होते. मी नको म्हटलं. परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंतच डिझेल ठेवता येतं, तेही हजार लिटरच्या वरच्या भांड्यात नाही. दोनशेचे चार बॅरल आपल्याला पुरतात, फक्त ते भरलेले असले पाहिजेत.

७ जानेवारी, रविवार

आज डिपपट्ट्या, म्हणजे टाकीतलं डिझेल मोजायच्या पट्ट्या केल्या. अॅल्युमिनियमची दीड इंची पट्टी घेतली. तीन नंबर हायवाची टाकी पूर्ण उपसली, गाडी सिमेंटच्या सपाट पट्ट्यावर आणली आणि मापाच्या कॅननं वीस-वीस लिटर ओतत गेलो. प्रत्येक वेळी डिझेल थिरावू द्यायचं, पट्टी सरळ तळाला टेकवायची, ओल जिथवर आली तिथं हॅक्सॉनं खाच पाडायची. पंधरा खाचा. टाकीचे कोपरे गोल असल्यामुळे तळाशी आणि तोंडाशी खाचा लांब-लांब पडल्या, मध्ये जवळ-जवळ. इतकी वर्षं ड्रायव्हर काठी घालून "अर्धी टाकी" म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ काय होता, ते आज डोळ्यांनी दिसलं.

पट्टीवर गाडीचा नंबर पंच केला. दुसऱ्या गाडीला ती चालणार नाही. मशिनच्या टाक्यांसाठी वेगळ्या पट्ट्या पुढच्या रविवारी.

नियम ठरले : टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजायचं, चिठ्ठीवर किलोमीटर नाहीतर अवर मीटरचं (मशिन किती तास चाललं त्याचं) रीडिंग असल्याशिवाय डिझेल नाही. भरताना गाडी त्याच सिमेंटच्या पट्ट्यावर.

१६ जानेवारी

पहिल्या आठवड्याचे आकडे आले आणि वातावरण बिघडलं. चार गाड्या लिटरला ३.४ ते ३.७ किलोमीटर देतात. तीन नंबर २.७. तीन नंबरवर तात्या आहेत, आपल्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. ऑफिसात लगेच कुजबुज सुरू झाली की तात्या डिझेल मारतात. मीही रात्रभर तेच डोक्यात घेऊन होतो. सकाळी त्यांच्याशी नीट बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असणार.

१८ जानेवारी

आज दिवसभर तात्यांच्या शेजारी बसलो. चार फेऱ्या.

तात्यांच्या सगळ्या फेऱ्या सुरूर-वाईकडच्या आहेत. बाकीचे चारजण शिरवळच्या बाजूला जातात, तो रस्ता जवळजवळ सपाट. तात्या मात्र चार ब्रास खडी भरून खंबाटकी घाट चढतात. येताना बोगद्यातून, रिकामे. म्हणजे सगळा भार चढाला आणि उताराला काहीच नाही. याची उलटी खेप असती, माल वाईकडून इकडं येणारा असता, तर हीच गाडी कितीतरी बरा आकडा देती.

दुसऱ्या फेरीत घाटाच्या मधल्या वळणावर एक कार डावीकडून घुसली. तात्यांनी पाय काढला आणि तेवढ्यानं गाडीचा दम गेला. चौथ्यातून तिसऱ्यात, मग दुसऱ्यात. इंजिन ओरडायला लागलं. तात्या म्हणाले, "आता वरपर्यंत दुसराच. चढाला एकदा दम तुटला की परत धरता येत नाही, दादा." वर पोहोचेपर्यंत ते एकदाही रागावले नाहीत. हॉर्नसुद्धा दिला नाही.

परत आल्यावर चहाच्या टपरीवर मी त्यांची माफी मागितली. म्हणालो, मनात शंका आणली होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वहीत रस्ता पण लिहीत जा."

आजपासून वहीत "मार्ग" हा रकाना : शिरवळ, घाट, खाणीतल्या खाणीत. घाटाचं अॅव्हरेज शिरवळच्या अॅव्हरेजला लावून कुणाकडं बघायचं नाही.

२५ जानेवारी

पंपावर जाऊन पाच लिटरचं माप मागितलं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं की मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. आपल्याला १० मिलिलिटरच्या आत मिळाला. बोर्डावरची आजची घनताही टिपून आणली. पंपाबद्दलची शंका मिटली, हे एक बरं झालं. इतके दिवस उगाच बोललं जात होतं.

बॅरलची मात्र आपलीच चूक सापडली. उभ्या बॅरलच्या झाकणाभोवती पाणी साठतं, रात्री गार पडलं की आत ओढलं जातं. एका बॅरलच्या तळातून लिटरभर पाणी आणि गाळ निघाला. आता बॅरल शेडखाली, जरा कलते, आणि हातपंपाची नळी तळापासून दोन इंच वर.

३ फेब्रुवारी

खाणीच्या कडेला सावलीत बसलो, हातात घड्याळ आणि वही. नऊ ते बारा. पोकलेनचं इंजिन दोन तास पन्नास मिनिटं चालू. बकेट प्रत्यक्ष हलली एक तास चाळीस मिनिटं. उरलेले सत्तर मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरत होतं. जेसीबीचंही तेच.

दुपारी मोजून पाहिलं. टाकी तोंडापर्यंत भरली, मशिन दोन तास रिकामं चालू ठेवलं, पुन्हा मापानं भरलं. पोकलेन तासाला ३.२ लिटर, जेसीबी १.६. हायवा उभी चालू ठेवली तर तासाला दोनच्या आसपास. दिवसभराचं सगळ्यांचं उभं राहणं जोडलं तर २६ लिटर होतात. महिन्याला साडेसहाशे लिटर, ज्यात एक दगडही हलत नाही.

५ फेब्रुवारी

ऑपरेटरांना एकत्र बसवलं. मी सरळ "इंजिन बंद करत जा" म्हणून सांगणार होतो, पण आबांनी आधी विचारायला लावलं, बंद का करत नाही? पोकलेनचा ऑपरेटर म्हणाला, "बंद केलं तर चालू होत नाही." बॅटरी उतरलेली आहे. त्यानं दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. तेव्हा आम्ही "चालतंय ना, चालू दे" म्हटलं. एका जेसीबीचा सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) अडकतो, तिथं खाली उतरून हातोडीचा ठोका द्यावा लागतो. दर वीस मिनिटांनी कोण उतरणार? मीही उतरलो नसतो.

दोन बॅटऱ्या आणल्या, सेल्फ दुरुस्तीला दिला. त्यानंतरच नियम सांगितला : गाडी पाच मिनिटांत येणार नसेल तर इंजिन बंद. मात्र जोरात काम केल्यावर लगेच बंद करायचं नाही, तीन मिनिटं संथ चालू द्यायचं. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) तापलेला असतो आणि इंजिन थांबलं की त्याला तेल मिळत नाही. टर्बो गेला तर वर्षभराचं वाचलेलं डिझेल त्यात जाईल.

९ फेब्रुवारी

मशिन उभं राहतं कारण गाड्या नसतात, आणि गाड्या उभ्या राहतात कारण पाचही एकदम येतात. सकाळी आठला सगळ्या सोबत सुटतात, मग दिवसभर तांडा करूनच फिरतात. एक हायवा भरायला पोकलेनला सहा-सात मिनिटं लागतात, तर पाचव्या गाडीला अर्धा तास थांबणं आलंच.

सोमवारपासून पहिली गाडी पावणेआठला, मग बारा-बारा मिनिटांनी एकेक. शेवटच्या गाडीवाल्याला उशिरा सुटतो म्हणून हजेरी कापली जाईल असं वाटत होतं. कापायची नाही, असं रजिस्टरवर लिहून सही केली. क्रम दर आठवड्याला बदलायचा.

२१ फेब्रुवारी

पन्नास टायर तपासले. चौदांत हवा कमी, आणि त्यातले अकरा आतल्या बाजूचे. जोडचाकांच्या आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून हवावाला बाहेरचा भरतो आणि आतल्याला लाथ मारून "ठीक आहे" म्हणतो. मग सगळा भार बाहेरच्यावर, तो तापतो आणि कडेनं झिजतो. आतल्या व्हॉल्व्हला वाढीव नळ्या बसवून घेतल्या. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, गेज लावून हवा.

एअर फिल्टर : क्रशरच्या धुळीत कंपनीच्या पुस्तकातले तास धरून चालत नाही. जेसीबीच्या फिल्टरवरची खूण लाल होती आणि धूर काळा. हवा न मिळाल्यानं डिझेल अर्धवट जळतं. ऑपरेटर फिल्टर टायरवर आपटून साफ करायचा, त्यानं कागद फाटतो. आता आतून बाहेर, कमी दाबानं हवा मारायची आणि दोनदा झाल्यावर नवा.

१ मार्च

फेब्रुवारी : ८,९६० लिटर, १,९४० ब्रास. ब्रासमागे ४.६२.

जनरेटर : १२५ केव्हीएचा मोठा जनरेटर रात्री फक्त दिवे आणि पाण्याची मोटर चालवायला लावला जात होता. एवढ्या कमी लोडवर तो डिझेल पितो आणि सायलेन्सरमधून तेलकट काळं गळतं. भाड्यानं १५ केव्हीएचा आणला.

१५ मार्च

आज सकाळी सहापासून पेट्रोल-डिझेल लिटरला दोन रुपयांनी उतरलं. मे २०२२ मध्ये केंद्रानं आणि जुलै २०२२ मध्ये राज्यानं कर कमी केला, त्यानंतर दर हलला तो आजच. आपल्याला महिन्याला सतरा हजारांच्या आसपास फरक पडेल. सगळे खूश आहेत. मीही आहे. पण अकाउंटंटनी एक गोष्ट पुन्हा समजावली, ती इथं लिहून ठेवतो. टायर, बॅटरी, ऑइल घेतलं की त्यावरचा जीएसटी खडीच्या बिलातल्या जीएसटीतून वळता होतो. डिझेल जीएसटीत नाही. त्यावरचा उत्पादन शुल्क आणि व्हॅट कुठंच वळता होत नाही, सगळा आपल्या खर्चात पडतो. म्हणून वाचलेला एक लिटर त्याच किमतीच्या सुट्या भागापेक्षा जास्त वाचवतो.

३० मार्च, रंगपंचमी

बावधनच्या बगाडाची जत्रा. निम्मी माणसं तिकडं, गाड्या उभ्या. मी आणि एक जेसीबीवाला खाणीत थांबलो आणि रॅम्पला हात घातला.

हे काम आधीच करायला हवं होतं. खाणीच्या तळापासून वजनकाट्यापर्यंत सहाशे मीटरचा चढ आहे. त्यावर चाकांच्या खोल चाकोऱ्या, सुटे दगड, आणि मधे एक जागा जिथं प्रत्येक गाडी पहिल्या गिअरवर येते. शिरवळ असो की घाट, प्रत्येक भरलेली गाडी आधी हा रॅम्प चढते, सगळ्या मिळून दिवसातून वीस वेळा. आम्ही रस्त्यावरचं अॅव्हरेज मोजत बसलो आणि अंगणातला रस्ता पाहिलाच नाही.

चाकोऱ्या खरवडल्या, चढ एकसारखा केला, वर आपलाच मुरूम आणि कच टाकून पाण्याचा ट्रॅक्टर फिरवला. दोन दिवस लागतील. जेसीबीचं डिझेल साधारण ७० लिटर जाईल.

४ एप्रिल

रॅम्पवर तात्या तिसऱ्या गिअरवर चढले. खाली न येता. काट्यावर थांबून त्यांनी मला हात दाखवला, तीन बोटं. मार्च एकूण ४.४५ होता, पण त्यात नवा रॅम्प नाही.

२२ एप्रिल

टाकीत सेन्सर बसवणारे येऊन गेले. गौण खनिजाच्या (खडी, मुरूम वगैरे) गाड्यांना जीपीएस लागतोच, तो आपल्याकडं आहे. त्यातूनच गाडी कुठं किती वेळ चालू उभी राहिली ते दिसतं, आणि आम्ही ते आजवर उघडूनही पाहिलं नव्हतं. सेन्सर सध्या नको. घाटात गाडी कलली की टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं आणि आकडा नाचतो. त्या नाचऱ्या आकड्यावरून कुणावर तरी आळ येईल. एकदा तो अनुभव घेतला आहे.

१ मे

एप्रिल : ८,२४० लिटर, १,९३० ब्रास, ४.२७. वाचलेल्या पैशातला निम्मा ड्रायव्हर-ऑपरेटरांना द्यायचा ठरला. मार्गानुसार प्रत्येक गाडीचं उद्दिष्ट, त्यावर जेवढं वाचेल त्यातला वाटा त्या ड्रायव्हरला. ७ तारखेला मतदान, सुट्टी पगारी.

१४ मे

आज जे कळलं त्यानं हातपाय गार पडले.

पाच नंबरवरच्या मुलाला या महिन्यात घाटाच्या फेऱ्या दिल्या आहेत. त्याचा आकडा दहा दिवसांत तात्यांच्याही पुढे गेला. मी त्याला सर्वांसमोर शाबासकी दिली. काल तात्या त्याच्या मागे होते. बोगदा ओलांडल्यावर खंडाळ्याकडं जो उतार लागतो, त्या एस वळणाच्या रस्त्यावर, पोरगा गाडी न्यूट्रलला टाकून सोडतो. तिथं किती अपघात झाले आहेत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. गाडी रिकामी असली तरी दहा-अकरा टनांची असते. न्यूट्रलला इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर कमी पडतात.

तात्यांनी हे चारचौघांत सांगितलं नाही. संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मुलाला बोलावलं. तो घाबरला होता. म्हणाला, "घरात बहिणीचं लग्न आहे, जास्तीचे पैसे मिळाले असते." दोष त्याचा एकट्याचा नाही. योजना मी अशी आखली होती की त्याला हे करावंसं वाटावं.

त्याला गाडीजवळ नेऊन समजावलं की त्यात वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनला जाणारं डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिनला स्वतःला चालू राहायला डिझेल लागतंच. त्याचा आकडा वाढला तो दुसऱ्या कारणानं. तो चढाला शांत चालवतो, अंतर राखतो, दम तुटू देत नाही. ते खरं कौशल्य आहे आणि ते त्याचंच आहे, हेही सांगितलं.

एकेकट्याचा वाटा आजपासून बंद. आता सगळ्यांचा मिळून एकच आकडा, ब्रासमागे लिटर, आणि वाटा सर्वांना सारखा. ऑपरेटर, क्लीनर, काट्यावरचा मुलगा, हवा भरणारा, सगळे धरून. या दहा दिवसांत पोराच्या नावावर जे जमलं होतं ते त्याला दिलं. घाटाच्या उताराला गिअरमध्येच उतरायचं आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडून गाडी रोखणारा) वापरायचा, हे प्रत्येकाकडून तोंडी वदवून घेतलं.

१ जून

मे : ७,९८० लिटर, १,९१० ब्रास. ४.१८. डिसेंबरच्या दरानं जाळलं असतं तर १,४०० लिटर जास्त लागले असते, म्हणजे जवळपास एक लाख तीस हजार रुपये. निम्मे वाटले. काट्यावरच्या मुलाला पाकीट दिलं तर तो म्हणाला, "मी तर गाडी चालवत नाही." पण गाड्यांचा तांडा होऊ न देणारा तोच आहे.

१८ जून

दोन नंबरचा आकडा आठवड्यात घसरला. ती बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची गाडी आहे. सायलेन्सरमधली काजळीची जाळी चोंदली, ती जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल घेतं. जास्त वेळ उभी चालू राहिली की हे होतं. पावसात काचेवर वाफ धरते म्हणून ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो. काचा पुसायला कापड आणि आतला पंखा दुरुस्त, दोन्ही आजच. धूर साफ करायला लागणारं यूरियाचं पाणी सीलबंद कॅनचंच घ्यायचं.

१ जुलै २०२४, सोमवार

जून : ५,२७० लिटर, १,१२० ब्रास. ४.७१. पावसात माल कमी जातो, पण पाणी उपसायचा पंप आणि बोलेरो तेवढंच जाळतात. हे अपेक्षित होतं, तरी एवढं नाही. आज राज्यानं डिझेलवरचा व्हॅट कमी केला तोही मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईपुरता. आपल्या पंपावरचा दर तोच आहे.

दुपारी तात्यांसोबत भर पावसात रॅम्प चालत चढलो. डोंगराकडचं पाणी थेट रस्त्यावर येतं आणि मार्चमध्ये टाकलेला मुरूम धुऊन गेला आहे. मधल्या जागी चाकोऱ्या पुन्हा पडल्या. तात्यांनी टाचेनं माती उकरून दाखवली, खाली कच शाबूत आहे. पाणी अडवलं तर रस्ता वाचेल.

उद्या रॅम्पच्या आतल्या बाजूनं चर काढायची, दोन फूट खोल, खालच्या डबक्यापर्यंत. जेसीबी सातला. पहिली गाडी सव्वाआठला सोडायची.